शाळेच्या व्हॅनमधले आजी-आजोबा

आमचे हे सगळ्यांचे 'व्हॅनकाका'. शाळेची व्हॅन चालवण्यात यांचं उभं आयुष्य गेलं. पूर्वी एकेका घरातून तीन-तीन दप्तरं निघायची, पोरं एकमेकांच्या मांडीवर बसायची. पुढे लोकांनी एकावरच भागवलं (आम्हीही त्यातलेच), आणि ती पोरं मोठी होऊन पोटासाठी चहूकडे पांगली. मागच्या वर्षी मुलंच मिळेनात म्हणून शाळा बंद झाली. व्हॅन दारात उभी आणि हे दिवसभर माझ्या डोक्यावर. तिला पुसायचं तरी किती? शेवटी मीच गिऱ्हाईक शोधलं. रविवारी येऊन व्हॅन नेणार होतं. यांनी तोंडाला कुलूप घातलं.

शुक्रवारी कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काठी टेकत आले. दवाखान्यात सोडता का, म्हणाले. व्हॅन निघालेली दिसताच गल्लीतून हाका सुरू झाल्या, "आम्हालाही न्या!" बघता बघता व्हॅन आजी-आजोबांनी भरली. खिडकीवरून भांडणं जुंपली आणि यांना जुना कंठ फुटला, "हात बाहेर नको! भांडलात तर इथेच उतरवेन!"

दुपार टळली तरी यांचा पत्ता नाही. संध्याकाळी उगवले तेव्हा मी फैलावरच घेतलं.

"होतात कुठे?"

"पोस्टमास्तरांच्या दारात. घरचं माणूस आल्याशिवाय मी कुणाला उतरवत नाही, ठाऊक आहे ना तुला? हॉर्न वाजवून वाजवून दमलो."

"मग?"

"ते म्हणाले, किती वाजवाल? या घरात मी एकटाच असतो."

मग यांनीच त्यांना आत नेलं, पंखा लावला, गोळ्या दिल्या, चहा टाकला. मी चार शब्द सुनावणार होते, त्याऐवजी यांचं ताट वाढलं. आमचाही एकुलता एक परदेशातच.

रविवारी गिऱ्हाईक आलं, त्याला मीच दारातून वाटेला लावलं.

आता मी पुढच्या सीटवर असते. प्रत्येकाला आत नेऊन सोडायचं काम माझं. या वयात नोकरी लागली म्हणायची! परवा शेवटच्या आजींना पलंगावर बसवलं, तर माझा हात धरून म्हणाल्या, "आणि तुला गं घरी कोण सोडतं?"

"आमचे हे आहेत की," म्हटलं खरं. पण व्हॅनमध्ये येऊन बसल्यावर यांच्याकडे नीट बघितलं.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही. उद्या दवाखान्यात आधी तुमचं बीपी तपासून घ्यायचं. आणि चालवा जरा हळू."