कडब्याचा स्तंभालेख

आयुष्यात मी एकच स्तंभालेख केला, आणि तो बैलानं खाल्ला.

मी तेव्हा लोहाऱ्याकडच्या आमच्याच गावात ग्रामसेवक होतो. नवा आणि कच्चा. (कच्चा म्हणजे नोकरीत. बाकीच्या बाबतीत गावाचं मत याहून वाईट होतं.) संकरित ज्वारी नुकतीच आली होती. ती पेरायला तयार असलेल्या शेतकऱ्यांची यादी तालुक्याच्या साहेबांच्या हातात ठेवली की माझी नोकरी पक्की. अडचण एकच, माझे वडील. अण्णा पेरतील तेच गाव पेरणार, आणि अण्णा म्हणत, "असलं ठेंगणं पीक माझ्या रानात? लोक म्हणतील, अण्णाच्या ज्वारीला मुडदूस झालाय."

त्यात हुकूम आला: सोमवारी साहेब येतील, देशी आणि संकरित उत्पादनाचा स्तंभालेख चावडीच्या भिंतीवर लावून ठेवावा. तेव्हापासून तीन दिवस मी एका जागी बसलो नाही. जेवायचोसुद्धा येरझाऱ्या घालत. माझी बायको इंदू भाकरी घेऊन मागं मागं.

"अहो, पण स्तंभालेख म्हंजी काय असतंय?"

"खांब. ज्याचं पीक जास्त, त्याचा खांब उंच. नुसतं बघून कळतं."

"बघून कळतंय, तर तुमी कशापायी एवढं फिरायलाव?"

गावात ना जाड कागद, ना रंग. मग मला अक्कल सुचली. (ती मला सुचते तेव्हा घरातले भांडी आवरून ठेवतात.) खांब कडब्याचेच करायचे! देशीचा खांब देशीच्या ताटांचा, संकरितचा संकरितच्या. एका पोत्याला एक वीत. आमच्याच रानाशेजारच्या सरकारी प्रयोगाच्या तुकड्यात संकरित आठ पोती झाली होती, तेवढ्याच तुकड्यात आमची देशी सहा. पण देशीचं ताट छपराला टेकणारं, आणि संकरित माझ्या खांद्याला. म्हणून देशी कापून आखूड केली आणि संकरितला गाठी मारून जोड दिला.

तरी आठ आणि सहात काही दम दिसेना. एवढ्याशा फरकासाठी साहेब जीपचं तेल जाळणार? मी इंदूला हाक मारली. तिचा हात एवढासा. कासार तिला लेकरांच्या बांगड्या भरायचा. देशी मोजली तिच्या वितीनं, संकरित माझ्या. वीत ती वीत, त्यात खोटं काय? देशीचा खांब झटक्यात कमरेवर आला आणि माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

अण्णा आले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"उंच होती तिला कापलास, बुटकी होती तिला गाठी मारल्यास. आन् मोजलंस कशानं?"

"वितीनं. एक वीत, एक पोतं."

अण्णांनी आपला सुपाएवढा पंजा संकरितवर टेकवला. "माझ्या हातानं तर साडेसहाच भरत्यात." मग शिवप्पा पैलवानानं मोजली, पाच भरली. दुपारपर्यंत अख्खं गाव वीत टाकून गेलं आणि जेवढे हात तेवढी पिकं निघाली. शेवटी अण्णांनी देशीवर वीत टाकली आणि सुनेकडं पाहिलं. इंदूनं हात पदराखाली घेतले.

सोमवारी साहेबांची जीप ओढ्यात रुतली. अण्णांनीच बैल लावून ती ओढून काढली आणि बैल चावडीपुढं मोकळे सोडले. मी साहेबांना हार घालत होतो, दोघांचं लक्ष एकमेकांच्या टोपीवर. लोक हसायला लागले. मला वाटलं, हार साहेबांच्या कानाला अडकला. वळून बघतो तर आमचा हरण्या बैल! त्यानं संकरित हुंगली, शिंकला, आणि देशीचा खांब शेंड्यापासून बुडापर्यंत शांतपणे खाऊन टाकला.

साहेबांनी खिशातला चष्मा काढून लावेपर्यंत भिंतीवर एकच खांब होता. दुसऱ्या जागी नुसतं 'देशी' असं नाव.

"वा," साहेब खूश झाले. "देशीचं उत्पादन शून्य?"

खरं बोलावं तर नोकरी जाते. मी म्हणालो, "होय साहेब. जवळजवळ."

"शून्य न्हाय साहेब," अण्णा म्हणाले, "समदं बैलाच्या पोटात हाय. आता हे उरलेलं तुमच्या हातानं चारून बघा."

साहेबांनी खरंच ताट पुढं केलं. हरण्यानं साहेबांकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आमच्यात बैलालाच तेवढा आलेख वाचता येतो," शिवप्पा म्हणाला. चावडी हसून लोळली.

माझं तोंड एवढंसं झालं. अण्णांना दया आली असावी. "आण ती यादी. लिही माझं नाव. पेरतो दोन वीत रान."

"वीत?" साहेब गोंधळले. "कुणाची वीत?"

"सुनंची," अण्णा म्हणाले.

मग काय, अण्णांमागोमाग गावानं रांग लावली. प्रत्येकानं दोन विती लिहून दिल्या आणि प्रत्येकानं बजावून सांगितलं, इंदूबाईच्याच.

माझी नोकरी आणखी दोन वर्षं कच्चीच राहिली. पुढं तालुक्याच्या कचेरीत, कोणत्या ग्रामसेवकानं किती रान संकरितखाली आणलं, याचा रंगीत स्तंभालेख लागला. बाकीच्यांचे खांब छताला भिडलेले. माझ्या नावावर मात्र कसला तरी डाग पडला होता. मी उपरण्याचं टोक ओलं करून तो पुसायला लागलो, तसा शिपाई धावत आला.

"ओ, पुसू नका. डाग न्हाय तो, तुमीच हाव ते."