काकू गोड बोलल्या तेव्हा

काकूंनी कुणाचं कौतुक केलंच, तर ते त्या माणसाच्या माघारी आणि बहुधा चुकून. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या वर्ध्याच्या या बाई इथे हिंदी मुलखात, बनी पार्क वस्तीत एकट्या राहत. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पहिल्याच दिवशी माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाल्या, "छान. यात चहापत्ती पण टाकतात, ठाऊक आहे ना?"

भाजीवाल्याला त्या दुधी हातात घेऊन अदबीने विचारत, "भैयाजी, ये लौकी मेरे साथ रिटायर हुई थी क्या?" मला ताप आला की खिचडी वर यायची आणि सोबत निरोप, "मरू नकोस, नवा भाडेकरू तुझ्याहून वाईट निघाला तर?"

मग लघवीचा संसर्ग रक्तात पसरला आणि काकू आयसीयूत गेल्या. मुलगा कॅनडात. तो फोनवरून काळजी करायचा. तिकडून ती उत्तम करता येते. जबर अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला, सगळे खूश. चौथ्या दिवशी काकूंनी माझा हात धरला. "किती गुणी आहेस रे! चहा किती सुंदर करतोस!"

मी तसाच उठलो.

मोठ्या डॉक्टरांना गाठून म्हटलं, "काकू मीठा बोल रही हैं."

"तो अच्छा है ना!" ते हसले. "उमर है, आयसीयू है, हो जाता है." नर्सबाईंना तर इतकी प्यारी माताजी वॉर्डात आजवर मिळालीच नव्हती. पाचव्या दिवशी माताजी आणखी प्यारी झाल्या. सहाव्या दिवशी एकच शब्द पुन्हापुन्हा बोलू लागल्या, हातांना झटके येऊ लागले, मला ओळखेनात. त्यालाही वय हेच कारण होतं. वय मोठं सोयीचं, उलटून काही बोलत नाही.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं ऐकून फाइल उघडली. काकूंच्या किडन्या थकल्या होत्या. औषध बाहेर पडत नव्हतं आणि डोस मात्र पहिल्या दिवसाचाच चालू होता. साठलेलं औषध मेंदूवर चढलं होतं. मेंदूचा आलेख काढला, त्यातही तेच दिसलं. औषध बदललं.

तिसऱ्या दिवशी काकूंनी डोळे उघडून मला नीट न्याहाळलं. "दाढी का नाही केलीस? मी गेले असं ठरवूनच बसला होतास का?"

मी बाहेर जाऊन रडलो.

त्यानंतर काकू वर्षभर जगल्या, कुणालाही न सोडता. एका दुपारी झोपेतच गेल्या. मुलगा आला, घर आवरलं. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयसीयूत असताना एकदा फोनवर आई म्हणाली, मला तुझा अभिमान आहे. लाइफमध्ये पहिल्यांदाच. मतलब... ते औषधामुळेच असणार ना?"

तो फोन मीच काकूंच्या कानाला धरला होता. पाचव्या दिवशी.

"छे," मी म्हणालो, "ते औषध त्यानंतर सुरू झालं."