मर्लचं दीड किलोचं लाकूड

मर्ल हचिन्सने आयुष्यभरात चारशेच्या वर होल्स्टरं, म्हणजे रिव्हॉल्वर अंगावर बाळगायची कातडी म्यानं, शिवली, पण त्याच्याकडे स्वतःचं रिव्हॉल्वर कधीच नव्हतं. अस्वल दिसलं तर तो चहाची किटली बडवायचा. "माझ्या चहाला घाबरत असतील," म्हणायचा. अलास्कात येण्याआधी तो मोंटानात घोड्यांची खोगिरं करत होता. इथे घोडे नाहीत हे त्याला येऊन पोचल्यावर कळलं. मग त्याने नदीवर जाणाऱ्या माणसांकडे पाहायला सुरुवात केली, आणि त्याच्या लक्षात आलं की यातला एकही जण धडपणे रिव्हॉल्वर बाळगत नाही.

कमरेला लावावं तर छातीपर्यंतची रबरी विजार ते झाकून टाकते. विजारीवरून लावावं तर वाकलं की नळी पाण्यात. खांद्याला लावावं तर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली काचतं. शेवटी सगळे एकच करायचे. पिशवीला अडकवायचे, पिशवी काठावर ठेवायचे आणि वीस पावलं आत जाऊन गळ टाकायचे. माझ्या वडिलांपासून सगळ्यांनी हेच केलं. अस्वल नेमकं पिशवी आणि माणूस यांच्यामधून चालत यायचं, आणि माणूस पाण्यात उभा राहून आपल्याच दीड किलो लोखंडाकडे बघत बसायचा.

मर्लच्या दुकानाच्या अर्ध्या भागात माझं गळ-दोऱ्यांचं दुकान होतं, मध्ये फक्त एक काउंटर. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला खोड आहे, आणि तिथे तिचे फार लाड झाले.

गिऱ्हाईक आलं की मर्ल रिव्हॉल्वर कुठलं हे विचारतच नसे. विचारायचा, "दिवसभर करतोस काय?" मग एक लाकडी रिव्हॉल्वर हातात द्यायचा. आत शिसं ओतलेलं, बरोबर दीड किलो. ते जुन्यापान्या पट्ट्यांनी अंगावर बांधून माणसाला घरी पाठवायचा. एक दिवस त्याने आपलं काम करायचं, होडीत बसायचं, लाकडं फोडायची, संडासला जायचं. संध्याकाळी परत आल्यावर प्रश्न एकच, "कुठे दुखलं?" तो दाखवेल तिथे शर्टावर खडूची खूण. कातडं त्यानंतर कापायचं. चांगले दांडगे बाप्ये खडूच्या खुणांनी भरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. बेकरीवाला एकदा म्हणाला, "मर्ल, बायकोसुद्धा मला इतकं विचारत नाही रे."

इर्मा हाल्वरसन मे महिन्यात आली. एकसष्ट वर्षांची, सडसडीत, फटकळ. अठरा उन्हाळे ती वरच्या ओढ्यावर सॅमन मोजत होती. ओढ्यावर आडवं कुंपण, त्यात एक फट. फटीतून मासा गेला की हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं. दिवसभर एकटी, गुडघाभर पाण्यात. त्या वर्षी मत्स्यखात्याने नवा नियम काढला होता, रिव्हॉल्वर पिशवीत नाही, अंगावर पाहिजे. शुक्रवारी साहेब येऊन बघणार होता. अंगावर दिसलं नाही तर इर्माची रवानगी ऑफिसात, कागदांवर शिक्के मारायला.

"ऑफिसात घातलं ना, तर मी साहेबालाच मोजून ओढ्यात सोडेन," ती म्हणाली. हसलो आम्ही, पण ती हसली नाही.

तिने दुसरीकडून तयार विकत आणलेली तीन होल्स्टरं काउंटरवर टाकली. तिन्ही छातीवरची, नदीवर हल्ली सगळे घालतात तसली. पट्टा खांद्यावरून तिरपा छातीवर, रिव्हॉल्वर डाव्या बाजूला, मूठ उजव्या हाताकडे.

"काय वाईट आहे यांच्यात?" मर्लने विचारलं.

"आवडली नाहीत."

मर्लने लाकूड तसंच छातीवर बांधून तिला पाठवलं. संध्याकाळी ती परत आली.

"कुठे दुखलं?"

"कुठेच नाही."

मर्लने खडू खिशात ठेवला. "मग उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही तेच. बुधवारी त्याने दुकानातच बादली ठेवली आणि तिला ओढ्यावर मासे मोजते तसं करायला लावलं. ती वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. दर वेळी तिचा डावा तळहात पट्ट्याखाली जायचा. मला राहवेना. लाजते बहुतेक, असं मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

"अगं, छातीवर बांधायला लाजतेस की काय या वयात? कोण बघतंय तिथे, अस्वलं?"

मर्ल मला म्हणाला, "आयव्हर, तोंड बंद." मग तिला म्हणाला, "कुठेच दुखत नाही म्हणणाऱ्यासाठी मी कातडं कापत नाही, इर्मा. उद्या गुरुवार आहे."

तिने पट्टा सोडला. लाकूड काउंटरवर ठेवलं.

"डावी काढली जानेवारीत," ती म्हणाली. "गाठ होती. अँकरेजला जाऊन आले, सगळ्यांना सांगितलं बहिणीकडे गेले होते. तो पट्टा बरोबर टाक्यांवर बसतो. तीन तासांनी डोळ्यांत पाणी येतं. आणि हे मी साहेबाला सांगणार नाही. सांगितलं की आजारी म्हणून बसवतील. बास?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मर्ल मात्र खडू घेऊन पुढे आला. "खूण तू कर. मला जागा माहीत नाही."

तिने स्वतःच्या शर्टावर काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक लांब रेघ ओढली.

मर्ल त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला, नकाशा पाहावा तसा. मग त्याने तिच्या रबरी विजारीचे दोन खांदेपट्टे चाचपले. ते दोन्ही बाजूंनी सरळ खाली उतरत होते, छातीला न ओलांडता. "ओझं यांच्यावर," तो पुटपुटला. "आणि रिव्हॉल्वर बरगड्यांच्या खाली, पोटावर आडवं. खाली मेंढीची लोकर."

"माझं पोट मध्ये येईल," इर्मा म्हणाली.

"तुला पोट आहे कुठे? बेकरीवाला असता तर प्रश्न होता."

ती हसली, आणि हसता हसता रडली. मर्लने तिच्यापुढे चहाची किटली सरकवली आणि कातडं कापायला घेतलं.

शुक्रवारी साहेब आला. त्याने इर्माला पाण्यात वाकायला लावलं, रिव्हॉल्वर काढायला लावलं, घड्याळ पाहिलं, आणि सही केली. मी काठावरून बघत होतो. तिने एकदाही तळहात छातीशी नेला नाही.

त्या उन्हाळ्यात ती ते होल्स्टर घालूनच गावात हिंडायची. दूध आणायलासुद्धा. बायका विचारायच्या, पट्टा असा का गं, छातीवरून का नाही? आणि इर्मा सांगायची. सरळ, बटाट्याचा भाव सांगावा तसं. मला वाटलं, गावात चर्चा होईल. झाली नाही. जुलैत शाळेतल्या बाई मर्लकडे आल्या, त्यांना तसलंच होल्स्टर हवं होतं. ऑगस्टात बेकरीवाल्याची बायको आली. ती इथे आल्याचं नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं तिला. मी गळांच्या डब्यात तोंड घालून उभा होतो. पाचशे माणसांच्या गावात सगळ्यांचं सगळं मला ठाऊक असतं, असं मी तोवर समजत होतो.

सप्टेंबरात, क्रॅनबेरी पिकल्या तेव्हा, माझी थोरली बहीण सॉल्व्हेग दुकानात आली. आमची घरं शेजारी शेजारी, रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जेवतो. मला वाटलं, मला बोलवायला आली असेल. ती माझ्यासमोरून गेली आणि मर्लच्या काउंटरपाशी थांबली.

"इर्माचं पाहिलं," ती म्हणाली. "तसंच हवं. पण उजवीकडची जागा सोडून."

मर्लने मान हलवली आणि खडू तिच्या हातात दिला. माझ्या हातातला गळ बोटात रुतला तरी मला कळलं नाही.

सॉल्व्हेग माझ्याकडे न वळता म्हणाली, "आयव्हर, तू जा जरा बाहेर." मी दारापर्यंत गेलो. मग ती म्हणाली, "नको. थांब. दोन वर्षं झाली रे."