आक्कांचा पट्टा

आमच्या घरमालकीण आक्कांनी नांदे गावात आवाज दिला की मुळशी धरणातलं पाणी दोन बोटं मागं सरायचं. मी लातूरहून आलेला, हिंजवडीत नोकरी करणारा गरीब भाडेकरू. कारला किल्ली लावतो न लावतो तोच वरून गर्जना व्हायची, "पट्टा लावला का रं?" धसका असा, की एकदा मी दुचाकीवर बसून पट्टा शोधत होतो. लोक हसायचे. मीही हसायचो, पण पट्टा लावून.

मी खोली घेण्याआधीच आक्कांचे यजमान आबा गाडीनं मुठ्याला लग्नाला निघाले आणि पिरंगुटच्या घाटात उलट्या बाजूनं आलेल्या ट्रकनं त्यांची गाडी ठोकली; आबा गेले. भरपाईचा दावा लागला. पंचनाम्यात पट्टा अडकवलेला सापडल्याची नोंद होती, त्यामुळे वकील खुशीत. आक्का मात्र तारीख जवळ आली की भाजीत तीनतीनदा मीठ घालायच्या आणि चवीला मलाच बोलवायच्या.

मुलगा सागर गाडी अशी हाणायचा की रस्त्यावरच्या म्हशी झाडावर चढत. पट्टा सीटच्या मागून घेऊन अडकवायचा. टींटीं बंद, छाती मोकळी. आक्कांनी टोकलं की म्हणायचा, "आबांनी लावलाच व्हता की. वाचलं का?" अख्ख्या गावाला गप्प करणारी बाई यावर खाली बघायची.

साक्षीच्या दिवशी सागरच आम्हाला कोर्टात घेऊन गेला. पुकारा होईपर्यंत आक्कांनी माझा हात एवढा आवळला, की बोटं अजून सरळ झालेली नाहीत. विमा कंपनीच्या वकिलानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "मयतानं पट्टा लावला नव्हता, हे खरं ना?" आमचे वकील निवांत होते.

"अडकवल्याला व्हता सायेब, पर पाठीमागनं," आक्का म्हणाल्या. "लग्नाला जायचं, कडक इस्त्रीचा सदरा चुरगळंल म्हणून निघताना मीच तसा अडकवला. त्यांच्या अंगावर पट्टा न्हवता."



बाहेर येताच आमचे वकील कडाडले, "बाई, भरपाई कापतील आता!"

"कापू द्या. पट्टा लावूनबी बाप मेला, असं ह्या पोराच्या डोक्यात बसलंय. मला घरात सांगायला जीभच वळंना."

सागर पांढराफटक. "आई, तू अडकवलास?"

"व्हय."

तो गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवेना. आक्का त्याच्या शेजारी बसल्या, मी मागच्या सीटवर. मग त्यानं सीटमागचा पट्टा सोडला, छातीवरून ओढला, अडकवला. आईकडं बघितलं नाही.

निकाल लागला. भरपाई कापलीच. आणि सागर आईशी बोलेनासा झाला. पुढ्यात ताट आलं की जेवायचा, उठायचा.

माझी बदली झाली, खोली सोडली, तेव्हाही अबोला सुरूच होता. निरोप घेताना मी हळूच विचारलं, "आक्का, बोलतो का आता?"

नेमकी तेव्हाच सागरची गाडी बाहेर पडत होती. आक्का टाचा उंचावून, काचेतून त्याच्या छातीवरच्या पट्ट्याकडं बघत होत्या. मी काय विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.