चित्रातलं कुंकू

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, आज घडलेलं लगेच लिहितेय.

साठीत पुन्हा विद्यार्थिनी झालेली मी सध्या जळगावच्या एका कलादालनात इंटर्नशिप करतेय. आज स्वातंत्र्याआधीचं एक तैलचित्र माझ्याकडे साफ करायला आलं. धुळ्याकडची शेतकरी घरातली तरुण बाई, डोक्यावर पदर. कपाळावर लाल डाग दिसला, म्हणून ओल्या कापसानं टिपला. तो सगळाच निघून आला. खाली कपाळ कोरं!

"वा, छान स्वच्छ झालं," कलादालनाच्या मॅडम म्हणाल्या.

दुपारी चित्र देणारे नाना आले. त्या बाईंचा मुलगा, आता नव्वदीला टेकलेले. चित्राकडे बघतच राहिले.

"बाई, कुकू कोठे गयं?"

मी कापूस पुढे केला.

"मन्ही मायनं लायेल व्हतं ते. इधवा व्हती. सोताना कपायले लाई सके ना, म्हनीसन दर आखाजीले, अक्षय तृतीयाले, चित्रले लाये. ती गई तवपशीन आम्ही हात नही लावा."

मला रागावलेसुद्धा नाहीत.

मॅडमना अहवालात हवंय, 'मळ काढला.' कापूस मी रुमालात बांधून ठेवलाय. अहवालातली ती ओळ अजून कोरी आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?