दोन लाल ठिपके

बंदचालूला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता दिवा घेऊन शोधावं लागलं असतं. कम्प्युटर दुरुस्तीत त्याची तीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी फोनवर एकच वाक्य सांगण्यात गेली, "बंद करा आणि चालू करा." दहातली आठ दुखणी त्यावर बरी व्हायची. उरलेल्या दोनांसाठी तो पिशवी घेऊन जातीने जायचा, आणि जाऊन काय करायचा? बंद करायचा आणि चालू करायचा. एकदा त्याला दवाखान्यात चक्कर आली तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "काय हो, बंद करून चालू करू का तुम्हाला?" त्यावर सगळ्यात मोठ्याने हसला तो हाच.

तर अशा या माणसाला एका दुपारी घड्याळवाल्याच्या बायकोचा फोन आला. कीबोर्डही चालेना, माऊसही चालेना.

"काकू, एक काम करा. आधी बंद..."

"बंद करायचा नाही!" काकू अशी ओरडली की त्याने फोन कानापासून हातभर लांब धरला. "तुम्ही या. पण बंद करायचा नाही."

घड्याळवाल्याचं घर दुकानाच्या माडीवर होतं. बंदचालू पूर्वी दोनदा तिथे येऊन गेलेला, दोन्ही वेळा नुसतं बंद करून चालू केल्यावर काम भागलं होतं. तेव्हा त्या खोलीत टिकटिकीपुढे आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. आज दारात पाऊल टाकलं आणि तो थबकला. खोली गप्प होती. भिंतीवर सतरा घड्याळं, आणि सतरा जणांनी सतरा वेळा धरून ठेवलेल्या.

"चावी देणारा गेला. बारा दिवस झाले," काकू म्हणाली. "मग एकेक थांबत गेलं. मधलं मोठं होतं, तेही काल थांबलं. आता एवढंच काय ते चालू आहे घरात."

कोपऱ्यातल्या टेबलावर कम्प्युटर घरघरत होता. पुढच्या खुर्चीवरच्या उशीत बसणाऱ्याचा खळगा तसाच होता. काकूने स्वतःसाठी स्टूल ओढून घेतलं होतं, खुर्चीवर ती बसली नव्हती. बंदचालूही उभाच राहिला.

पडद्यावर एका पत्राचा शेवट दिसत होता. "हे सगळं तुला तोंडाने सांगायला हवं होतं. आता लिहायलाच बसलो आहे तर राहिलेली एक गोष्ट सांगून टाकतो, ती म्हणजे" आणि त्यापुढे ती बारीक उभी रेघ. दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे. कुणीतरी पुढचा शब्द आठवत बसावं तशी.

"इथवर लिहिलं आणि पाणी मागितलं," काकू म्हणाली. "मी तांब्या घेऊन आले तर..." तिने पदराने टेबलाची कड पुसली. "हे वाचून वाचून पाठ झालं हो. पण याच्या वर बरंच आहे, आणि ते वर सरकत नाही."

बंदचालूने पडद्याचा माथा पाहिला. कागदाला अजून नाव नव्हतं. म्हणजे घड्याळवाल्याने तो एकदाही साठवला नव्हता.

"काकू, खरं सांगतो. हा बंद झाला तर पत्र गेलं. परत आणता येणार नाही."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बंद न करता येतं ना काही करता?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. पण एकीने तो विचारायला हवा होता. त्याच्या वहिनीने.

दुकान मुळात त्याच्या थोरल्या भावाचं. सगळं शिकवलं ते दादाने. दादा गेला आणि चौथ्याच दिवशी कुणीतरी जुना कम्प्युटर मागत दुकानात आलं. बंदचालूने दादाच्या टेबलावरचा उचलला, आत काय आहे हे न बघता सगळं पुसलं आणि देऊन टाकला. देताना समोरच्याचा चेहराही पाहिला नाही. हाताला सवय, दुसरं काय. महिन्याभराने वहिनीने विचारलं, "त्यात काही होतं का हो, भावजी?" तो म्हणाला, "काही नव्हतं, वहिनी." त्याने पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून कुठलाही कम्प्युटर विझताना पडदा काळा झाला की त्याला वाटायचं, पाठीमागून कुणीतरी विचारतंय, त्यात काही होतं का?

त्याने पिशवीतला नवा माऊस काढला. पुढच्या यूएसबीत घातला, मागच्या यूएसबीत घातला. सगळ्या मेलेल्या.

"गेल्या वर्षी वीज जास्त आली ना, तेव्हापासून त्या तशाच," काकू म्हणाली.

राहिल्या त्या मागच्या दोन जुन्या गोल सॉकेट, एक कीबोर्डची, एक माऊसची. बॅटरी दातांत धरून तो टेबलाखाली शिरला. जळमटांत एका सॉकेटशेजारी त्याला एक ठिपका दिसला. लाल, नखाएवढा. आणि तसाच दुसरा ठिपका एका पिनेवर. फक्त ठिपक्याची पिन बिनठिपक्याच्या सॉकेटमध्ये होती.

बॅटरी दातांतून खाली पडली.

ही खूण दादाची. या दोन पिना जुळ्या बहिणींसारख्या, एकीच्या जागी दुसरी सहज बसते, आणि मग दोन्ही मुक्या. म्हणून दादा कीबोर्डच्या पिनेला आणि तिच्या सॉकेटला एकेक ठिपका द्यायचा. पण फक्त स्वतःच्या कम्प्युटरवर. गिऱ्हाइकांसाठी एवढा वेळ कुणाला होता?

"काकू," तो खालूनच म्हणाला, "हा कुठून घेतलात?"

"अहो, तुमच्याच दुकानातून! जुनाच होता. तुमचे भाऊ गेले त्याच आठवड्यात. हे म्हणाले, तुमचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं."

टेबलाखाली तो त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"बरे आहात ना?" काकूने वाकून विचारलं.

"या पिना कुणी काढल्या होत्या?"

काकू ओशाळली. "मीच. हे गेल्याचं कळताच लेक आली होती. आई, बंद कर म्हणाली, रात्रंदिवस चालू ठेवू नये. ती माऊसनेच बंद करते ना? म्हणून ती आंघोळीला गेली तशी मी दोन्ही उपटून ठेवल्या. ती गेल्यावर परत लावल्या. बसल्या हो व्यवस्थित!"

"बसणारच," बंदचालू म्हणाला.

पण खरी मेख पुढे होती. गोल पिन चालू कम्प्युटरला लावायची नाही, आधी बंद करायचा, हा दादाने शिकवलेला पहिला धडा. ठिणगी उडाली तर सगळं जळतं. त्याने काकूला ते जसंच्या तसं सांगितलं.

काकूने भिंतीवरच्या सतरा घड्याळांकडे पाहिलं. "लावा," ती म्हणाली. "नाहीतरी किती दिवस नुसती बघत बसू?"

त्याने दोन्ही पिना उपटल्या. घरघर चालूच होती. ठिपक्याला ठिपका लावला, डोळे मिटले आणि पिन दाबली. मनात म्हणाला, दादा, आता तूच बघ.

घरघर चालूच राहिली. मग त्याने दुसरी पिनही बसवली.

बाहेर येऊन त्याने अक्षराची एकही कळ दाबली नाही. आकड्यांच्या वरचं नमलॉक तेवढं दाबलं. त्याने पत्राला धक्का लागत नाही. कीबोर्डच्या कोपऱ्यात इवलासा हिरवा दिवा लागला. माऊस काही जागा झाला नाही, पण त्याच्यावाचून अडणार नव्हतं. मग साठवायच्या कळा, कंट्रोल आणि एस. पडद्याने नाव विचारलं, त्याने घाईत नुसता एक क दिला आणि एंटर दाबलं. कागदाला नाव मिळालं.

"आता पत्र कुठे जात नाही. ही कळ दाबली की एकेक पान वर. मी तोंड फिरवतो."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागे खुर्ची करकरली; काकू उशीवर बसली होती. मग कळेचा आवाज. टक. खूप वेळाने, टक. तो मोजत होता. सात झाले. 

मग काकू उठली, स्टूल भिंतीशी ओढलं, त्यावर चढली आणि मोठ्या घड्याळाच्या माथ्यावर हात फिरवला. पितळेची चावी काढली.

"कुठली चावी कुठे, ते सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "आणि दुसरंही आहे. ते माझं आहे."

तिने चावी फिरवली. लंबकाला बोट लावलं. घड्याळ दचकल्यासारखं झालं आणि चालायला लागलं.

"आता करा बंद," काकू म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदाच बंदचालूच्या हाताला ते जमेना. शेवटी काकूनेच, तो सांगेल त्या कळा दाबून, बंद केला. पडदा काळा झाला. पाठीमागून कुणी काही विचारलं नाही, पण विचारील म्हणून तो मान वळवून उभा होता.

घरी न जाता तो तडक वहिनीकडे गेला. ती भाजी निवडत होती.

"वहिनी, दादाच्या कम्प्युटरात काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. न बघता पुसलं. तुम्हाला खोटं बोललो."

वहिनीचे हात थांबले. "नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "मग आता काहीच राहिलं नाही?"

"दोन ठिपके आहेत. मागच्या बाजूला, लाल. तो घड्याळवाल्याकडे आहे, आज बघून आलो."

"नेलपॉलिशचे?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे ती बाटली त्यांनी नेली होती!" वहिनी म्हणाली. "आठवडाभर शोधली हो मी. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला काय माहीत." ती हसायला लागली, आणि हसता हसता भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "मला घेऊन चला तिथे. आत्ताच्या आत्ता. मला बघायचेत."