खडू नानांच्या खिशात

हॉटेलवाल्याच्या घरात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक घासायची भांडी आणि दुसरे किस्से. भांड्यांना निदान बाई येते, किस्से मात्र साचतच जातात. माहेरच्या मैत्रिणी आल्या आणि मी एकदा सुरू झाले की त्यांचा चहा हमखास गार होतो. तेव्हा गार चहा चालणार असेल तर बसा.

आमचं हॉटेल जळगावात, एसटी स्टँडपासून पायी पाच मिनिटांवर. तीन पिढ्यांचं. दारावर नाव चांगलं मोठं रंगवलंय, पण ते कुणी वाचत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'पाटीवालं हॉटेल' म्हणायचं, तो बरोबर आणून सोडतो. कारण दारात एक काळी पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर रोज सकाळी अकराला मालक स्वतःच्या हातानं लिहितो, की आज आपल्याकडे काय बिघडलंय. हो, बिघडलंय तेच! चांगलं झालेलं कधी लिहायचं नाही, ते तर आपलं कामच आहे. सगळं नीट जमलं असेल तर पाटी कोरी. जुनी गिऱ्हाइकं कोरी पाटी रस्त्यापलीकडून बघतात आणि भराभर आत येऊन बसतात.

नियम दोनच. जो चाखेल तोच लिहील. आणि जो लिहील तो मालक.

मी या घरात सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. नवरा भुसावळला रेल्वेत, त्याला हॉटेलातलं फक्त जेवण आवडतं. त्यामुळे सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या हाताखाली मीच तयार झाले. हळूहळू किल्ल्या माझ्याकडे आल्या, बाजार आला, माणसांच्या रजा आल्या, जीएसटीची कटकट आली. खडू तेवढा आला नाही. तो नानांच्या शर्टाच्या खिशात, चुन्याच्या रिकाम्या डबीत. सगळे मला मालकीणबाई म्हणायचे आणि मला मनातून माहीत होतं की मी अजून नाहीये. खोटं कशाला बोलू, तो खडू मला हवा होता. फार हवा होता.

*

पाटी सुरू केली आबांनी, नानांच्या वडिलांनी. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून ते जळगावात आले आणि चार बाकडी टाकून खाणावळ काढली. एक दिवस वरण खाली लागलं. दुसरं करायला वेळ नव्हता आणि न सांगता वाढायचं आबांच्या जिवावर आलं. त्यांनी घरातून नानांची शाळेची पाटी आणली आणि लिहिलं, 'आज वरण लागलं आहे. चालेल त्यांनीच बसावं.' नाना त्या दिवशी बिनपाटीचे शाळेत गेले आणि गुरुजींचा मार खाल्ला, हे ते अजून मोठ्या अभिमानानं सांगतात.

पहिले आत आले ते हिरामणभाऊ. एसटीत कंडक्टर म्हणून तेव्हा नुकतेच लागले होते. पाटी वाचली, बसले आणि वरण दोनदा मागून घेतलं. आबांना राहवेना, त्यांनी विचारलं की लागलेलं कळत नाही का तुम्हाला?

"कळतं ना आबा. घरीही असंच असतं. फक्त तिथं पाटी नसते."

हे कुणीतरी त्यांच्या बायकोच्या कानावर घातलं. पुढचा आठवडाभर हिरामणभाऊ दोन्ही वेळ आमच्याकडेच जेवायला होते.

*

माझं माहेर अमळनेर. पाटीवाल्या हॉटेलाची कीर्ती तिथवर आलेली होती, त्यामुळे त्याच घरचं स्थळ आलं म्हटल्यावर आई चार दिवस घाबरलेली. बघायला आले त्या दिवशी पोहे मी केले. नानांनी एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि भरल्या बैठकीत आपल्या अहिराणीत म्हणाले, "मीठ कमी शे."

वडिलांचा चेहरा पडला. मामा घाईघाईनं माझ्या ग्रॅज्युएशनबद्दल बोलायला लागले. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "हो, मलाही वाटलं होतं. आमच्या दारात पाटी नाही, म्हणून सांगायचं राहिलं."

आईनं मागून इतक्या जोरात चिमटा काढला की काय सांगू. नाना मात्र पोट धरून हसले. जाताना चपला घालता घालता वडिलांना म्हणाले, "मुलगी पसंत शे. पोहे नही."

*

एकदा मोठे साहेब जेवायला येणार होते. नाव जाऊ द्या, साहेब म्हटलं की पुरे. त्यांचे पीए तासभर आधी आले, टेबलं पुसून घेतली, पंखे लावून बघितले आणि मग त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. त्या दिवशी नानांनी लिहिलं होतं, 'शेवभाजीत तिखटाचा हात सुटला आहे.' पीए म्हणाले, हे आधी पुसा, साहेब काय म्हणतील.

नानांनी शांतपणे विचारलं, "साहेबांना वाचता येतं ना? मग राहू द्या."

साहेब आले. पाटी वाचली, हसले आणि हट्टानं शेवभाजीच मागवली. मागवली तर मागवली, संपवलीही. नाक लाल, डोळ्यांतून धारा, पीए दहीवाटी घेऊन शेजारी उभे. निघताना साहेबांनी रुमालानं डोळे टिपले आणि नानांच्या पाठीवर हात ठेवला.

"आम्हाला पुष्कळांनी रडवलं नाना. आधी सांगून तुम्हीच पहिले."

*

आता आमचे सुपडूभाऊ. आमचे मुख्य आचारी, माझ्याही आधीपासूनचे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजावीत तर त्यांनीच. नुसत्या वासावर सांगतात की आतून शिजलं का नाही. माणूस सोन्यासारखा, पण पाटीवर काही आलं की पहिली पंगत उठेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. आणि पाटी कोरी असली की डोक्यावरचा रुमाल तिरपा बांधतात. अकरा वाजले की मी पाटी बघायची नाही, रुमाल बघायची.

एका आठवड्यात सलग सहा दिवस पाटी कोरी! रुमाल इतका तिरपा की कानावर आलेला. सातव्या दिवशी मात्र सुपडूभाऊ स्वतःच नानांपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कढीत हळद जास्त झाली, लिहा. नानांनी चाखली, पुन्हा चाखली. हळद अगदी बेतात होती. मीही वाटी तोंडाला लावली, मलाही काही सापडेना.

"लिहा म्हणतो ना नाना. सात दिवस कोरी ठेवली तर लोक म्हणतील, खडू संपला."

नाना काही लिहिणाऱ्यातले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी सुपडूभाऊंना गल्ल्यावर शेजारी बसवून चहा पाजला.

*

चार वर्षांपूर्वी मी धुळ्याला दुसरं हॉटेल काढलं. जागा मी शोधली, माणसं मी नेमली, आठवड्यातले तीन दिवस मी तिकडे. उद्घाटनाच्या दिवशी प्रश्न आला पाटीचा. लिहायचं कुणी? नाना जळगावात. चाखल्याशिवाय ते लिहून देणार नाहीत आणि खडू दुसऱ्याच्या हाती देणार नाहीत. शेवटी असं ठरलं की धुळ्याचं भरीत डब्यात घालून एसटीनं जळगावला पाठवायचं, नाना चाखतील, फोनवर मजकूर सांगतील आणि तिकडे मी तो उतरवून घ्यायचा.

डबा सकाळी आठला गेला. बस पारोळ्याच्या अलीकडे पंक्चर. इकडे गर्दी दारापर्यंत, दोन्ही पंगती झाल्या, भरिताचं पातेलं धुऊन पालथं घातलं. दुपारी अडीचला नानांचा फोन, की लिहून घे, भरिताला धूर कमी शे. मी म्हटलं, नाना, भरीत केव्हाच संपलं.

"मग लिही, संपलेल्या भरिताला धूर कमी होता."

आणि मी लिहिलं! दुसऱ्या दिवशी दोन धुळेकर मुद्दाम सांगायला आले की बरोबर आहे, आम्हालाही तसंच वाटलं होतं.

पण रोज रोज डबा कुठं पाठवणार? म्हणून ती पाटी उतरवली आणि भिंतीवर नुसता खिळा राहिला. धुळ्याची माणसं तिखट. जेवून झालं की खिळ्याकडे बघून विचारायची, "जळगाववाल्यांचंच हॉटेल ना हे? मग पाटी कुठंय?" मी हसून वेळ मारून न्यायची. आतून फार लागायचं ते मला.

*

आणि आता शेवटचा, गेल्या हिवाळ्यातला.

नानांना ताप येऊन गेला होता. पंधरा दिवसांनी ते पुन्हा गल्ल्यावर बसायला लागले, अकराला चाखू लागले, खडूची डबी खिशात. सगळं पूर्वीसारखं, फक्त पाटी सारखी कोरी. सुरुवातीला मला आनंदच झाला. मग एक दिवस सुपडूभाऊ रुमाल सरळ बांधून माझ्यासमोर आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, जरा भरीत बघा."

मी बघितलं. दोघांनी दोनदा मीठ टाकलं असावं, इतकं खारट. बाहेर पाटी कोरी आणि समोर हिरामणभाऊ जेवत बसलेले. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, रिटायर होऊन जमाना झाला, पण दुपारचं जेवण आमच्याकडेच. ताटातलं सगळं भरीत त्यांनी संपवलं, वर तीन ग्लास पाणी प्यायले. मी जवळ जाऊन विचारलं, भाऊ, खारट होतं ना? बोलला का नाहीत?

"पाटी कोरी होती ना. म्हटलं, माझीच जीभ गेली असेल."

एवढ्या वर्षांचा माणूस स्वतःच्या जिभेपेक्षा आमच्या पाटीवर विश्वास ठेवून बसला होता. मला इतकी लाज वाटली की मी तशीच गल्ल्याकडे गेले. सगळ्यांसमोर नको म्हणून नानांना आत कोठीत बोलावलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, म्हणजे तुम्ही थकला आहात, थोडी विश्रांती घ्या वगैरे. तोंडातून सरळच निघालं.

"नाना, भरीत खारट शे."

त्यांनी वाटी घेतली. बोटानं चाटून बघितलं, मग पुन्हा एकदा. बराच वेळ जीभ टाळूला लावून उभे राहिले.

"माले लागत नही," म्हणाले.

वाटी ठेवली आणि न जेवता घरी गेले. सासूबाईंनी विचारलं, काय बोललीस गं त्यांना? मला वाटलं, आपण खडूसाठी हे केलं असं त्यांना वाटलं असणार. आणि खरं सांगू, माझं मलाही वाटायला लागलं, की तसंच तर नाही ना?

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलवर पोचले तर दारात ही गर्दी. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, शेजारचे दुकानदार, सगळे पाटी वाचत उभे. माणसं बाजूला सारत मी पुढे गेले. नानांचं अक्षर, नेहमीसारखं टपोरं.

'काल भरीत खारट होतं. मला कळलं नाही. माझी जीभ गेली आहे. आजपासून सूनबाई चाखतील.'

नाना पाटीखालीच उभे होते. मला बघितल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली, खडू बाहेर काढला आणि मधोमध मोडला. दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले.

"एक धुळाना शे," म्हणाले, म्हणजे एक तुकडा धुळ्याच्या पाटीचा.

मला रडू आलं, कबूल करते. पण अकरा वाजायला आले होते आणि सुपडूभाऊ वाटी घेऊन मागेच उभे. मी डोळे पुसले आणि चाखलं. कालच्या धसक्यानं सुपडूभाऊंनी मीठ इतकं जपून टाकलं होतं की विचारू नका. नानांच्या ओळींना हात लावला नाही. खाली जागा होती, तिथं लिहिलं, 'भरितात मीठ कमी आहे.' सुपडूभाऊ जे आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

नाना गल्ल्यावर बसले नाहीत. जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखे हिरामणभाऊंच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि थाळी मागवली. मी स्वतः वाढली. त्यांनी घास मोडला, भरिताकडे बघितलं आणि मला विचारलं, "सूनबाई, मीठ कसं शे?"

मी म्हटलं, "पाटी वाचा ना, नाना."

ते उठले. चष्मा लावला, बाहेर गेले, गर्दीत उभं राहून पाटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. परत आले, खुर्ची पुढं ओढली आणि हिरामणभाऊंना म्हणाले, "जरा ती मिठाची बरणी इकडं सरकवा."